पुरूच्या गोष्टीला यदूचा बोध

३ मार्च, सोमवार

आज अकरा बोध लिहिले! भीष्माच्या प्रतिज्ञेला एक, कर्णाच्या कवचकुंडलांना एक, ऊर्मिलेच्या चौदा वर्षांच्या झोपेला एक. ऊर्मिलेचा लिहिताना तीन जांभया आल्या. अकरांत प्रामाणिक तेवढाच असावा.

साहेबांनी उभ्याउभ्या वाचले. म्हणाले, "छान. पण जरा गोड करा. लोक मोबाईलवरची गोष्ट कानात घालून भाजी चिरतात, गाडी चालवतात. शेवटी तोंडात गोळी ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे." केले गोड. साडेतीन वर्षं हेच करते आहे. गोष्ट लेखिका लिहिते — रामायण-महाभारतातलीच, पण नव्याने, ज्याचं कोणी ऐकून घेतलं नाही त्याच्या तोंडून. आवाजवाले काका वाचतात. कानसेन, म्हणजे आमचा रेकॉर्डिंगवाला, कापतो आणि जोडतो. भाग संपला की दहा सेकंद तंबोरा आणि मग माझा बोध, चाळीस सेकंद. ऑफिसात मला बोधबाई म्हणतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडा पाषाण आत्ता आंघोळ करून टेबलाशी बसला आहे.

आईचा फोन आला होता. आमचं काय, चाललंय. तू जेवलीस का. पंखा दुरुस्त केलास का. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्याकडून शिकावं! दहा मिनिटांनी निघालं — "तुझा रक्तगट त्यांचाच ना गं?"

हो म्हटलं. फोन ठेवला. भांडी घासली.

४ मार्च, मंगळवार

काल नीट लिहिलं नाही. तर — बाबांच्या दोन्ही किडन्या सप्टेंबरपासून गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास मशीन. आईला साखर आहे, तिची चालत नाही. धाकट्याची तपासणी जानेवारीत झाली. तो दाता म्हणून योग्य नाही असं कळवलं. कॉरिडॉरमध्ये रडला बिचारा, आईने पाठीवरून हात फिरवला. मामा उंटावरून शेळ्या हाकतात — अमुक डॉक्टर, तमुक काढा. राहिले मी.

बाबा माझ्याशी नऊ वर्षं बोललेले नाहीत. सासर सोडून एक बॅग घेऊन आले त्या दिवसापासून. दार त्यांनीच उघडलं होतं. "इथं कशाला?" म्हणाले. मी उंबऱ्यावरूनच वळले. आईला बाहेर भेटते — दुकानात, दवाखान्यात, बागेतल्या बाकावर. त्यांना हे माहीत आहे. बोलत नाहीत त्यावरही.

मनात काही होतंय का ते तपासून पाहिलं. दातांचा डॉक्टर इंजेक्शननंतर गाल दाबून विचारतो ना, तसं. नाही होत काही.

६ मार्च, गुरुवार

नवीन मालिका. ययाती! लेखिका तर खुर्चीत बसेनाच. राजाला ऐन भरात म्हातारपणाचा शाप लागतो. उतारा एकच — कोणी आपलं तारुण्य दिलं तर. मग हा पाच मुलांपुढे हात पसरतो. चौघे नाही म्हणतात, त्यांना शाप. धाकटा पुरू हो म्हणतो, त्याला राज्य.

"मी नाही म्हणणाऱ्यांचेही भाग करणार," लेखिका म्हणाली. "थोरल्या यदूपासून सुरुवात. त्याची बाजू कोणी मांडलीच नाहीये!" सत्तावीस वर्षांची आहे. अजून वाटतं तिला, बाजू मांडली की कोणीतरी ऐकतं.

साहेब म्हणाले, "कोणाचीही बाजू मांडा. बोध आज्ञापालनाचाच हवा."

मी म्हटलं, बरं. ऑफिसात कोणाला बाबांचं माहीत नाही. सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघत बसतील, आणि बघण्यासारखं काही नाही.

आई सांगत होती, बाबा मशीनवर आमच्याच गोष्टी ऐकतात. "मला म्हणतात झोपतो. पण कानात वायरी असतात. बोध आला की डोळे उघडतात." गणिताचे मास्तर! लहानपणी आम्ही गोष्टीचं पुस्तक धरलं तर म्हणायचे, उदाहरणं सोडवून झाली का?

८ मार्च, शनिवार

रक्त दिलं. सात नळ्या. नर्सने विचारलं दुखलं का. कळलं नाही, म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

यदूचा भाग हातात आला. चांगला लिहिलाय पोरीने. यदू म्हणतो, म्हातारपण घेऊन मी काय करू, दाढी पिकेल, दात हलतील, घासाची चव जाईल. आणि मग — "तुम्ही मागताय, की सांगताय?" बाप उत्तर देत नाही. शाप देतो.

बोध एका दमात उतरला. असं कधी होत नाही. इथे उतरवून ठेवते:

"यदूने बापाला नाही म्हटलं. बापाने शाप दिला, तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही. पण पुढे कृष्ण जन्मला तो पुरूच्या घरात नव्हे, याच यदूच्या कुळात. नाही म्हणणाऱ्याच्या घरी देव आला. मागणाऱ्याला मागायचा हक्क असेल, तर ज्याच्याकडे मागितलं त्याला नाही म्हणायचाही आहे. तो नसेल, तर दिलेलं ते दान नाही. ते काढून घेणं झालं."

काकांचा गळा अकराच्या आत चांगला असतो, म्हणून बोध सगळे एकदम सकाळीच वाचून घेतात. हा वाचताना थांबले. काचेतून माझ्याकडे पाहिलं. "बोधबाई, आज काय मिरची खाऊन आलात?" पण वाचला. चांगला वाचला.

१२ मार्च, बुधवार

साहेबांनी नापास केला. "अहो, बापाला नाही म्हणा असं शिकवायचं का आपण? आपले निम्मे श्रोते आजी-आजोबा आहेत!"

वीस मिनिटांत दुसरा लिहिला. वडीलधाऱ्यांचा शब्द, कृतज्ञता, वटवृक्षाची सावली. सावली घातली की साहेब खूश होतात.

१४ मार्च, शुक्रवार

जुळलं. निम्मं-निम्मं, बापलेकींत जुळायला हवं तेवढं.

आई फोनवर रडली. आनंदाने. धाकटा म्हणाला, "ताई, तू खरंच ग्रेट आहेस." भावजयीने निरोप पाठवला, हात जोडलेल्या चित्रांची रांग. मामांचाही फोन — "मुलगी ती मुलगीच!" नऊ वर्षांत मामांना मी मुलगी असल्याचं सुचलं नव्हतं.

मी अजून काहीच म्हटलेलं नाही. कोणी विचारलेलंच नाही! रक्त जुळलं म्हणजे मी हो म्हटलं, असं सगळे धरून चालले आहेत.

बाबांचा निरोप नाही. असणार नव्हताच.

१७ मार्च, सोमवार

हॉस्पिटलातल्या बाईंची भेट. दाता आणि घरचे यांच्या मधलं सगळं त्या बघतात. पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. लहान खोली, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. भिंतीवर उभी चिरलेली किडनी, तीन रंगांत. आई आणि धाकटा आत येऊ लागले तर बाईंनी दारातच थांबवलं. "ही भेट एकटीची असते."

"तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"मग तुम्ही कशा आलात?"

"रक्तगट तोच आहे," म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे बघा. तुम्हाला नको असेल तर आज, उद्या, ऑपरेशनच्या टेबलावर चढायच्या आधी, कधीही मला सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच कळवतो — दाता म्हणून वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. पुढे एक शब्द नाही. पेशंटला नाही, आईला नाही. दात्याचे कागद आम्ही दात्याच्या हातातही देत नाही. दिले की घरी गेल्यावर लोक मागतात, दाखव म्हणतात."

"आणि खरंच योग्य नसेल तर?"

"तरी तेच वाक्य. सगळ्यांना एकच. म्हणून तर ते चालतं."

बाहेर आले तर आई उभी राहिली. "काय म्हणाल्या?" म्हटलं, अजून तपासण्या आहेत. धाकट्याने गाडीतून घरी सोडलं. वाटेत तो मुलांच्या शाळेबद्दल बोलत होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. मला दोन्ही नाही. समोर नुसतं बसून आहे.

१८ मार्च, मंगळवार

काही नाही. गांधारीच्या पट्टीवर तीन बोध.

२० मार्च, गुरुवार

लेखिकेने माधवीचा भाग दिला. मला ही गोष्ट माहीतच नव्हती! ययातीला मुलगीही होती. एका ऋषीला गुरुदक्षिणेसाठी आठशे घोडे हवे होते — पांढरे, एक कान काळा. राजाकडे घोडे नव्हते. मुलगी होती. ती देऊन टाकली. मग ती एकेका राजाकडे एकेक वर्ष, एकेक मुलगा होईपर्यंत, दोन-दोनशे घोड्यांवर. शेवटी घरी परत आल्यावर बापाने तिचं स्वयंवर मांडलं. माधवीने माळ रानाला घातली आणि निघून गेली. हरणांबरोबर राहिली, गवत खाल्लं.

मुलांकडे निदान मागितलं तरी. मुलीला विचारलंसुद्धा नाही.

बाबांची बदली झाली होती तेव्हा, दूरच्या शाळेवर, रोज पाच तास जाण्यायेण्यात. ज्यांच्या हातात बदल्या होत्या त्यांचा मुलगा लग्नाचा होता. त्याच्याशी माझं लग्न झालं आणि महिन्याच्या आत बाबा घराजवळच्या शाळेत आले. कोणी काही ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. मीही तेव्हा खूश होते, बाबा संध्याकाळी लवकर घरी येतील म्हणून! पण मी तिथून परत आले तेव्हा ते "इथं कशाला" का म्हणाले, ते मला तेव्हाच कळलं होतं. घोडे परत करायला कुठून आणणार?

आज राग आला. मार्च महिन्यातली पहिली गोष्ट जी नीट जाणवली. पंधरा मिनिटं टिकला. मग पोळी करपली, ती टाकून दुसरी केली.

माधवीची गोष्ट संपत नाही तिथे. खूप वर्षांनी ययाती स्वर्गात जातो, गर्व करतो आणि खाली कोसळतो. तेव्हा माधवी रानातून येते आणि आपलं अर्धं पुण्य त्याला देते. अर्धं! कोणी न मागता. लेखिकेने इथे दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. समासात लिहिलंय — "का दिलं असेल? बोधबाई, सुचलं तर सांगा."

२२ मार्च, शनिवार

नाही सुचलं.

२५ मार्च, मंगळवार

आज सकाळी पुरूचा भाग गेला. ऐकला नाही. मी कधीच ऐकत नाही.

आज ठरवलं. बाईंना फोन करून सांगायचं, ते वाक्य पाठवून द्या म्हणून. असं ठरवल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. फोन हातात घेतला. दुपारचे दोन वाजले होते, त्यांची जेवणाची वेळ असेल म्हणून ठेवला.

२८ मार्च, शुक्रवार

ऑफिसात गोंधळ! कानसेनने घोटाळा केला. साहेबांनी नापास केलेला यदूचा बोध त्याने पुसलाच नव्हता. काकांनी त्या सकाळी सगळे बोध एका दमात वाचलेले, त्यात तो होता. हा जोडताना एक घर चुकला. पुरूने बापाला तारुण्य दिलं, म्हातारा होऊन काठी टेकत गेला, तंबोरा — आणि मग "नाही म्हणणाऱ्याच्या घरी देव आला"! तीन दिवस तसंच चाललंय.

साहेब लाल झाले होते. कानसेन म्हणत होता, साहेब, दोन मिनिटांत बदलतो. मग साहेबांनी आकडे पाहिले. आजवरच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त लोकांनी ऐकलाय, दुप्पट लोकांनी पुढे पाठवलाय. एका आजोबांनी लिहिलंय — हे ऐकून मुलाला फोन केला. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "राहू दे. मुद्दामच केलं होतं म्हणून सांगा." लेखिका बाथरूममध्ये जाऊन हसली. मलाही हसू आलं.

मग आठवलं — मंगळवारी सकाळी बाबा मशीनवर असतात.

२९ मार्च, शनिवार

सव्वादहाला आईच्या नंबरावरून फोन. "हे बोलतायत," म्हणाली, आणि आवाज बदलला. मागे मशीनची टिकटिक.

"तो बोध तू लिहिलास?"

नऊ वर्षांनी! आवाज बारीक झालाय त्यांचा. मी जिन्यात उभी होते.

"हो. पण तो त्या भागाचा नव्हता. चुकून लागला तिथे."

"चुकून उत्तर बरोबर आलं तर मी मार्क देत नसे," बाबा म्हणाले. "पद्धत बघायचो." मग म्हणाले, "पद्धत बरोबर आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"मी तुला विचारलं नाही. आईने विचारलं, ते मी ऐकत होतो. विचारायला मला तोंड नाही. तेव्हा त्या बाई विचारतील त्यांना मोकळेपणी सांग. नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. मी शाप देणार नाही." मग घसा खाकरला आणि — "ठेवतो. हात हलवू देत नाहीत."

जिन्यातच बसून राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, बरं वाटत नाही का विचारून गेल्या. म्हटलं, वाटतंय. खोटं नव्हतं. काहीतरी वाटत होतं, पण काय ते कळेना. पाय खूप वेळ दुमडून बसलं की मुंग्या येतात, तसं.

माफी मागितली नाही त्यांनी. हेही लिहून ठेवते.

२ एप्रिल, बुधवार

बाईंकडे गेले. एकटीच, कोणाला न सांगता. हो म्हटलं.

"आता कोणी विचारलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हटलं तरी चालेल, असं बाबांनी सांगितलं."

"मग हो का?"

माझं कामच हे — चाळीस सेकंदांत कारण सांगायचं. दहा मिनिटं गेली. नाही सांगता आलं. प्रेम उतू चाललंय असं नाही. माफ केलंय असंही नाही. त्या मंगळवारी मी नाही म्हणायचं ठरवलं होतं ते रागाने नव्हतं आणि आज हो म्हटलं ते दयेने नाही. नाही म्हणायची मुभा मिळाली आणि मला कळलं की मला द्यायची आहे. एवढंच सांगितलं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली.

बसस्टॉपवर भूक लागली. खूप! दोन सँडविच खाल्ली उभ्यानेच. घरी येऊन आईला सांगितलं, मी हो म्हटलंय. ती म्हणाली, "अगं, ते तर कधीच ठरलं ना?"

४ एप्रिल, शुक्रवार

माधवीचा बोध लिहिला. "तिने का दिलं ते गोष्टीत नाही. आपणही विचारू नये. उरलेलं अर्धं तिला पुरलं, एवढं खरं." तेरा सेकंदांत संपतो. साहेबांनी न वाचताच पास केला — आकड्यांमुळे सध्या माझं वजन वाढलंय! लेखिका म्हणाली, उरलेले सत्तावीस सेकंद तंबोरा वाजू दे.

आठवड्याची रजा लागेल म्हणून साहेबांना खरं सांगितलं. ते उठून उभेच राहिले. "वडिलांना? मग आम्ही तुम्हाला हे आज्ञापालनाचे..." सहा आठवडे घ्या म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

तपासण्या. शाई टोचून मशीनखाली अर्धा तास पडून राहायचं. कुठली किडनी किती काम करते ते दिसतं म्हणे. सुई टोचताना दुखलं. नर्सला मुद्दाम सांगितलं, दुखलं म्हणून.

संध्याकाळी मऊ कपड्यांची यादी केली. नवा टॉवेल आणला, फिकट निळा. पुढे बटणं असलेले दोन गाऊन. आरशात उजवीकडे वळून पाहिलं, कुठून कापतील.

१५ एप्रिल, मंगळवार

बाईंनी बोलावलं. आत गेल्यावर दार त्यांनीच लावलं.

डावी किडनी दिसायला ठीक आहे, काम करत नाही. जन्मापासूनच असेल. सगळा भार उजवी एकटीच ओढते आहे. डावी देऊन उपयोग नाही, उजवी देता येत नाही. इतकी वर्षं मी एकीवरच चालले आहे आणि मला पत्ता नाही!

"तुम्हाला काही धोका नाही," बाई म्हणाल्या. "पाणी भरपूर प्या. वर्षातून एकदा दाखवा."

म्हटलं, "हे लिहून द्या."

त्यांनी चष्मा काढला. "नाही देता येत. घरच्यांना ते वाक्यच जाईल. सगळ्यांना एकच."

"पण मी हो म्हटलं होतं."

"मला माहीत आहे," म्हणाल्या. "मी लिहून घेतलंय. पण ती फाइल बाहेर जात नाही."

संध्याकाळी वाक्य घरी पोचलं. आईला फोनवर सगळं समजावलं — डावी, उजवी, शाई, मशीन. ती मधेच म्हणाली, "असू दे गं. मी काही विचारलं का तुला?" मग फोन बाबांकडे.

"बाबा, ती किडनी कामाचीच नाही. खरंच सांगतेय. मी हो—"

"अगं, कारण कशाला," बाबा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात माझ्याशी ते कधी बोलले नव्हते. "मीच तुला सांगितलं होतं ना. मोकळेपणी सांगितलंस, बरं केलंस."

१६ एप्रिल, बुधवार

धाकटा ऑफिसबाहेर गाडी घेऊन उभा होता. घरापर्यंत सोडलं. मी उतरताना माझा हात धरला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. जानेवारीत मीही तेच वाक्य मागून घेतलं होतं. आपल्या दोघांतच राहू दे."

रडले आज. खूप.

मी हो म्हटलं होतं. इथे लिहून ठेवते.